पाटीमागचं लाकूड

मी एक पॅटर्न आहे. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. त्याच्याभोवती ओलसर वाळू ठोकून साचा करतात आणि मग नमुना अलगद बाहेर काढून घेतात. त्याच्या जागी जी पोकळी उरते तिच्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. बीड थंड झालं की नमुन्यासारखी एक वस्तू तयार होते. ती होत असताना मी तिथे नसतो. मला आधीच उचलून बाकावर ठेवलेलं असतं.

एवढंच माझं काम. पोकळी करून देणं.

सध्या मी गुनवोर हालग्रेन हिच्या घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये आहे. त्याआधी मी हुल्ताब्रुकच्या फाउंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, होतो. स्वीडनमधल्या स्मोलंडच्या जंगलात अशी गावं पुष्कळ आहेत: एक तळं, एक चर्च, एक फाउंड्री, आणि फाउंड्रीच्या भोंग्यावर उठणारी-झोपणारी घरं. भोंगा आता वाजत नाही. लोक मात्र त्याच वेळेला उठतात.

मला आल्गोतने घडवलं. तो फाउंड्रीचा पॅटर्नमेकर. वरच्या माळ्यावर सुकवलेल्या पाइनच्या फळ्या त्याने सरसाने जोडल्या, रंधा मारला, कडा किंचित तिरक्या ठेवल्या, म्हणजे वाळूतून निघताना वाळू ढासळू नये. मग लाल रंग आणि वर लाखेचा हात. मी दिसायला अगदी साधा आहे. हातभर उंचीची एक पाटी, वर गोलाई, कडेने बारीक उंचवटा, मधली जागा रिकामी.

आल्गोतची पट्टी सगळ्यांच्या पट्टीसारखी नव्हती. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा होता. गुनवोरचा नवरा सिक्स्टन हालग्रेन तेव्हा नुकताच मोल्डर म्हणून, वाळूचे साचे ठोकायला, लागला होता. त्याने ती पट्टी आपल्या घडीच्या पट्टीशेजारी धरून पाहिली.

"आल्गोत, तुझी पट्टी खोटं बोलते."

"पट्टी नाही बोलत खोटं. बीड बोलतं," आल्गोत म्हणाला. "ओतताना सांगतं, मी एवढं आहे. थंड व्हायला लागलं की अंग चोरतं. ते किती चोरणार हे मला आधीच धरून चालावं लागतं."

"मग आम्हीही धरायचं का ते?"

"तू वाळू ठोक. धरायचं काम माझं. ते मी लाकडातच घालून ठेवलंय."

तसं ते माझ्या अंगात आहे. माझ्यापासून जी पाटी होते तिच्यापेक्षा मी थोडासा मोठा आहे. बघणाऱ्याला ते कळत नाही.

माझा उपयोग हुल्ताब्रुकमध्ये सगळ्यांना माहीत होता. फाउंड्रीत काम केलेलं माणूस गेलं की त्याच्या थडग्यासाठी बिडाची पाटी फाउंड्रीतच ओतायची, अशी तिथली रीत. शुक्रवारच्या भट्टीतून शेवटी जो धातू उरेल तो त्या पाटीसाठी. मेलेल्या माणसाच्या शेजारच्या बाकावर जो काम करायचा त्याने साचा करायचा. ओतताना यंत्रं बंद ठेवायची आणि कुणी बोलायचं नाही. ओतून झालं की हात धुऊन घरी जायचं. भाषण नाही, फुलं नाहीत. फुलं चर्चमध्ये असतात.

एका खणात कथिलाची सुटी अक्षरं होती. नाव लागेल तशी अक्षरं काढून मेणाने माझ्या मधल्या जागेवर चिकटवायची. काम झालं की सुरी गरम करून ती खालून उचलायची, मेण पुसायचं आणि मला परत माळ्यावर ठेवायचं. किती नावं आली आणि गेली ते मी मोजलं नाही. एका हिवाळ्यात आल्गोतचंही नाव आलं. ज्याने मला घडवलं त्याचं नाव माझ्यावर होतं आणि माझ्याभोवती वाळू ठोकली जात होती. तुम्ही विचाराल, काय वाटलं? मेण गरम होतं हे आठवतं. बाकी काही आठवत नाही.

ओतकामाच्या जगात आम्हा नमुन्यांचं नशीब एकसारखं नसतं. बारीक, नाजूक कामांसाठी मेणाचे नमुने करतात. त्यांच्यावर चिखलासारखा लेप थरावर थर चढवतात, तो कडक झाला की सगळं भट्टीत ठेवून मेण वितळवून टाकतात. मेणाचा नमुना एका वस्तूसाठी जगतो आणि तिच्याआधी जातो. फोमचे नमुने तर कुणी बाहेरही काढत नाही. ते वाळूत तसेच पुरलेले असतात, धातू आत आला की जागच्या जागी त्यांची वाफ होते. पोलादी साच्यांचं उलटं. दोन जाड अर्ध्या भागांमध्ये दाबाने अ‍ॅल्युमिनियम घुसतं, लगेच गोठतं, साचा उघडतो, वस्तू खाली पडते, साचा पुन्हा मिटतो. त्याला ना कोणाची वाट बघायची, ना कोणाला सोडायचं.

असे पोलादी साचे आमच्या फाउंड्रीच्या नव्या हॉलमध्ये बसवले होते. सिक्स्टनचा मुलगा टूरे तिथे मशीनवर होता. तिशीचा, उंच, आईसारखा गालावर चटकन लाली येणारा. कॉफीच्या सुट्टीत तो आमच्या वाळूच्या हॉलमध्ये यायचा. इथले दालचिनीचे बन चांगले असतात, असं तो सांगायचा. बन दोन्हीकडे एकाच बेकरीतून यायचे.

"आले बघा टिनपाट कारखान्याचे साहेब," सिक्स्टन लांबूनच ओरडायचा. "आज काय काय थुंकलं तुझ्या मशीनने?"

"पप्पा, तुझी वाळूची एक पेटी ठोकून होईस्तोवर माझी टोपली भरते."

"भरणारच. उचलून बघितलीस कधी? वजनच नाही. वाऱ्याने उडून तळ्यात जाईल."

"अरे पण गिऱ्हाइकाला वजन नकोच आहे!"

"तर गिऱ्हाइकाला काय कळतंय."

एवाल्ड हा वाळूच्या हॉलचा फोरमन. तो बन कॉफीत बुडवत म्हणायचा, "भांडा तुम्ही बापलेक निवांत. तोवर मी ताट रिकामं करतो."

एकदा कुणा म्हाताऱ्या मोल्डरच्या पाटीसाठी मला खाली आणलं होतं. अक्षरं अजून लागायची होती. टूरेने बोलता बोलता कॉफीचा कप माझ्यावर टेकवला.

"कप उचल," सिक्स्टन म्हणाला. "त्याच्यावर माणसं असतात."

"आत्ता तर रिकामाच आहे की."

"उचल म्हणतो ना. आणि तुला सांगून ठेवतो, तू मेलास तर तुला ही पाटी नाही मिळणार. तुला अ‍ॅल्युमिनियमचं झाकण. बरणीला असतं तसलं."

"चालेल. निदान गंजणार तरी नाही."

सगळे हसले. सिक्स्टनच सगळ्यांत मोठ्यांदा हसला. मग त्याने बाहीने माझ्यावरचा कपाचा ओला गोल पुसला.

टूरे नोव्हेंबरात गेला. त्या महिन्यात आमच्याकडे दुपार संपता संपताच अंधार होतो. तो शिफ्ट संपवून घरी येत होता आणि जंगलातून रस्त्यावर एल्क आला, घोड्याएवढं हरीण. एल्कचे पाय लांब असतात. गाडी पायांना लागते आणि वरचं सगळं धड काचेवर येतं. हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला माहीत असतं. मुलं गाडी शिकायला लागली की पहिल्याच दिवशी त्यांना हे सांगतात. सिक्स्टननेही सांगितलं असेल.

शुक्रवारी एवाल्डने मला माळ्यावरून खाली आणलं. सिक्स्टन बाकापाशी उभा होता. कामावर येऊ नकोस असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं.

"सिक्स्टन, रीत नाही ती," एवाल्ड म्हणाला. "शेजारच्या बाकावरच्याने करायचं असतं."

"त्याला शेजारचा बाक कुठे होता? तो मशीनवर होता."

"तरी पण घरच्याने…"

"मग सांग, कोण करणार? त्या मशीनवरच्या पोरांना वाळू ठोकता येते का?"

एवाल्ड बाजूला झाला. सिक्स्टनने अक्षरं लावली. टूरे हालग्रेन. त्याने मला पेटीत ठेवलं, वाळू चाळून टाकली, ठोकली. नेहमीच्याच हाताने ठोकली, जास्त जोरात नाही, कमी नाही. पेटी उलटवली, मला हलकेच ठोकून सैल केलं आणि उचललं. एक कणही ढासळला नाही. खाली वाळूत त्याच्या मुलाचं नाव उलटं उमटलं होतं. शेवटचा धातू आला. यंत्रं बंद झाली. मी बाकावर होतो.

सगळे हात धुऊन गेले तरी सिक्स्टन थांबला. माझ्यावरची अक्षरं काढायची राहिली होती. त्याने सुरी बर्नरवर धरली. ती तापली. ती हातात घेऊन तो उभा राहिला आणि ती निवली. त्याने पुन्हा तापवली, ती पुन्हा निवली. मग त्याने मला आपल्या जाकिटात गुंडाळलं आणि घरी आणलं.

तेव्हापासून मी या शेडमध्ये आहे, मागच्या भिंतीला टेकून, बर्चच्या फोडलेल्या लाकडांच्या चवडीआड.

तो अधूनमधून यायचा. चार लाकडं बाजूला करायचा, मला बाहेर काढायचा आणि लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर बसायचा. एकदा त्याने लाखेची डबी आणली आणि अक्षरांसकट माझ्या अंगावर हात फिरवला. वाळल्यावर दुसरा. अक्षरांच्या भोवती, फटींमध्ये, सगळीकडे लाख बसली. बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "बरणीचं झाकण, म्हणे." मग कुऱ्हाड उचलून लाकूड फोडायला लागला.

"इतकी लाकडं कुणासाठी फोडतोयस?" गुनवोर स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची.

"हिवाळ्यासाठी."

"अरे, जून चालू आहे."

"मग काय, येणारच नाही का हिवाळा?"

तिला माझ्याविषयी त्याने सांगितलं नाही. तिने शेडमध्ये येऊन मागे बघितलं नाही. दोघं एका टेबलावर जेवायची, एका पलंगावर झोपायची. त्या वर्षांत फाउंड्रीतलं दुसरं कुणी गेलं नाही, त्यामुळे माळ्यावरची माझी जागा रिकामी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे एका सप्टेंबरात सिक्स्टन लिंगनच्या लाल बोरांची बादली घेऊन जंगलातून परतला. मागच्या पायरीवर बसला, बूट काढायला वाकला आणि तसाच राहिला. गुनवोरने आधी बादली उचलून आत नेली. तिला वाटलं, तो बूट काढतोय.

दोन दिवसांनी एवाल्ड आला. ती शेडमध्ये टोपलीत लाकडं भरत होती. तो दारात उभा राहून टोपी हातात फिरवत होता.

"गुनवोर, पॅटर्न सापडत नाही."

"कुठला?"

"पाटीचा. सगळा माळा उपसला. कुणीतरी भट्टी पेटवायला घातला असणार, दुसरं काय. साफसफाई चालली आहे ना आता." त्याने घसा साफ केला. "या शुक्रवारी बिडाची शेवटची भट्टी. मग ती पाडायची आहे. पुढे सगळं अ‍ॅल्युमिनियम."

"मग अ‍ॅल्युमिनियमची करा."

"थट्टा करतेस?"

"नाही रे. मी काय बोलते ते मलाच कळत नाही हल्ली." तिने टोपलीत आणखी एक लाकूड ठेवलं. ते माझ्या अगदी समोरचं होतं. "नको. बिडाचीच हवी मला. टूरेची आहे तशीच. दोघांच्या शेजारी शेजारी, एकसारख्या. थडग्याच्या दगडात दोन्ही खाचा सिक्स्टनने तेव्हाच कापून घेतल्यात, एका मापाच्या. मी म्हटलं, आत्ताच कशाला तुझी? तर म्हणाला, दगडवाला काय रोज येतो का."

"तसाच होता तो."

"ती खाच उघडी आहे, एवाल्ड. मी गेले होते बघायला. पानं साचली आहेत आत."

मी तिच्यापासून एका हातावर होतो. मध्ये बर्चचे दोन थर. ज्या मापाची पाटी तिला हवी होती ते माप माझ्या अंगात होतं. मी उभा होतो तसा उभा राहिलो. लाकूड याहून वेगळं काही करत नाही.

एवाल्डने टोपी डोक्यावर घातली. त्याला काहीतरी सुचलं होतं.

"टूरेची पाटी दगडातून काढतो. तिचाच पॅटर्न करतो. नावावर पुट्टी भरून सपाट करू, वर सिक्स्टनची अक्षरं लावू."

"टूरेचं नाव जाईल?"

"छे. काम झालं की पुट्टी काढतो, ब्रशने घासतो, होती तशी परत बसवतो. शपथ घेऊन सांगतो."

"शपथ नको. बसव म्हणजे झालं."

त्या शुक्रवारी गुनवोर फाउंड्रीत गेली. बायका पाटी ओतताना कधी गेलेल्या नव्हत्या, पण तिला कुणी अडवलं नाही. एवाल्डनेच साचा केला. सिक्स्टनच्या शेजारचा बाक आधीच उचलला गेला होता. शेवटचा धातू ओतला. यंत्रं बंदच होती. कायमची बंद करायची म्हणून सकाळपासूनच बंद होती.

पुढच्या रविवारी एवाल्ड पुन्हा आला. गुनवोर याच शेडमध्ये होती. या वेळी तो दारातच थांबला नाही, आत येऊन ठोकळ्यावर बसला.

"सैल बसते," तो म्हणाला.

"काय?"

"सिक्स्टनची पाटी. खाचेत सैल बसते. टूरेची घट्ट आहे, ही हलते."

"का?"

"का म्हणजे, मी गाढव आहे म्हणून." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. "बीड थंड होताना आक्रसतं हे काय मला माहीत नाही? इथल्या शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण पॅटर्न हातात आला की ठोकायचा, एवढंच आम्ही आयुष्यभर केलं. वाढ धरायची ती आल्गोतने. ती लाकडातच असायची. आम्हाला कधी धरावीच लागली नाही, गुनवोर. टूरेची पाटी पॅटर्न म्हणून हातात आली, मी ठोकली."

"मला नीट सांग."

"टूरेची पाटी आधीच एकदा आक्रसलेली होती. तिच्यावरून केली ती आणखी आक्रसली. बाप पोरापेक्षा लहान झाला बघ." हे बोलून झाल्यावर त्याने तोंडावर हात ठेवला.

गुनवोरने विचारलं, "किती?"

त्याने अंगठ्याच्या नखाची कड दाखवली. "इतकी फट. सगळ्या बाजूंनी. सिमेंट भरतो मी."

"भर. कॉफी घेशील?"

तो कॉफी घेऊन गेला. त्याने सिमेंट भरलं. डिसेंबरात फटीत पाणी शिरलं, गोठलं, आणि सिमेंट फुटून पडलं. त्याने पुन्हा भरलं, ते जानेवारीत पडलं. तो लाकडं उतरवायला आला तेव्हा गुनवोर त्याला म्हणाली, "वारा आला की वाजते ती. जोरात नाही. दार नीट लागलेलं नसलं की वाजतं ना, तशी. मला सारखं वाटतं, उठावं आणि लावून घ्यावं."

एवाल्डने लाकडं नीट रचली. माझ्यासमोर आणखी एक थर आला.

त्या वर्षी थंडी खूप लांबली. फेब्रुवारीत गुनवोर चवडीच्या मागच्या थरापर्यंत पोचली. एका सकाळी तिने एक लाकूड ओढलं आणि मागे तिला लाल रंग दिसला. तिने आणखी दोन काढली. मग मला उचलून उजेडात फिरवलं.

लाखेखाली अक्षरं चमकत होती. तिने ती वाचली असणार. तिच्या हातमोज्याला बर्चची साल लागली होती; तिने हातमोजा काढला, पण अक्षरांना हात लावला नाही. ठोकळ्यावर बसली. मी तिच्या मांडीवर होतो. मला वाटलं, आता ती रडेल. माणसं माझ्यासमोर रडायची ती बहुधा अशा वेळी. ती रडली नाही. तिने लाकडांची टोपली एका हाताने उचलली, मला दुसऱ्या बगलेत घेतलं आणि घरात आली. आधी तिने चूल भरली. मग फोन केला.

एवाल्ड आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो. तो टोपी न काढताच खुर्चीत बसला.

"चोर कुठला," तो म्हणाला. "मी तो माळा तीनदा उपसला. कुणाकुणाला बोललो. आणि हा तुझ्या शेडमध्ये!"

"शिव्या देऊ नकोस त्याला."

"देत नाही गं. मेलेल्याला काय द्यायच्या." त्याने मला स्वतःकडे वळवलं. मग बोट लाखेवरून फिरवत म्हणाला, "दोन हात दिलेत."

"याच्यावरून पाटी केली तर बसेल?"

"बसेल. याच्यात वाढ आहे. तळ्यापलीकडे एक लहान फाउंड्री अजून वाळूत बीड ओतते, तिथली माणसं ओळखीची आहेत. पण गुनवोर, ही अक्षरं काढावी लागतील."

"माहीत आहे."

"त्याने काढली नाहीत. वर लाख फिरवली. म्हणजे ती काढायचीच नव्हती त्याला. म्हणून तर इथे आणून ठेवला."

"दिसतंय मला ते."

"मग? त्याने जे असं जपून ठेवलं ते आपण…"

"टूरेची पाटी दगडात पक्की आहे," गुनवोर म्हणाली. "ती हलत नाही. सिक्स्टनची हलते. त्याने हे ठेवलं हे मला कळलं. पण तो तिथे वाजतोय, एवाल्ड. मी हे बघत इथे बसू आणि तो वाजत राहू दे?"

तिने खणातून लोण्याची सुरी काढली आणि चुलीवर तापायला ठेवली.

"दे, मी करतो," एवाल्ड म्हणाला.

"तू कॉफी पी."

बटाट्याचे डोळे काढावेत तशी तिने ती अक्षरं काढली. सुरी खाली सरकवायची, लाख तडकायची, मेण सैल व्हायचं, अक्षर निघायचं. सुरी निवली की ती चुलीवर परत ठेवायची आणि टेबलावर हात ठेवून थांबायची. सिक्स्टनने दोनदा तापवून जे केलं नव्हतं ते तिने कितीतरी वेळा तापवून केलं. काढलेली अक्षरं तिने ओळीने मांडली नाहीत. कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकत गेली. शेवटचं निघाल्यावर सुरीवर मेण राहिलं होतं. ते तिने फडक्याला पुसलं आणि फडकं धुवायला टाकलं.

एवाल्ड खिडकीबाहेर बघत होता. त्याची कॉफी तशीच होती.

"वर कडा राहिल्यात," वळून तो म्हणाला. अक्षरं गेली होती, पण त्यांच्याभोवती साचलेली लाख उभी होती, केसाएवढी. "या घासून काढायला हव्यात. वाळू सगळं टिपते."

"सांग मग त्यांना."

"सांगतो."

मला तळ्यापलीकडे नेलं. नवीन हॉल, नवीन हात, वाळूचा वास तोच. सिक्स्टनचं नाव माझ्यावर लागलं. माझ्याभोवती वाळू ठोकली, मला उचललं, बाकावर ठेवलं. पलीकडे बीड ओतलं जात होतं. तिथल्या माणसांना आमची रीत माहीत नव्हती. ती आपापसांत हॉकीच्या सामन्याबद्दल बोलत होती. मग त्यांनी माझ्यावरची अक्षरं काढली आणि पाटीबरोबर मलाही परत दिलं.

एवाल्डने पाटी गुनवोरच्या टेबलावर ठेवली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. सिक्स्टन हालग्रेन, स्वच्छ, धारदार. आणि त्या नावाच्या मागे, त्याच्या आतबाहेर, दुसऱ्या अक्षरांच्या बारीक रेषा. आडनाव एकच असल्याने तिथे नुसता गुंता दिसत होता. पहिल्या नावाखाली मात्र वेगळं नाव होतं.

"घासायला सांगायचं राहिलं," एवाल्ड म्हणाला.

गुनवोरने त्याच्याकडे बघितलं. "विसरलास?"

"विसरलो."

"तू?"

"वय झालं माझं. आत्ता घासून देतो, पाचेक मिनिटांचं काम आहे. गाडीत कानस आहे."

गुनवोरने पाटीवर बोट ठेवलं. शेडमध्ये लाखेखालच्या अक्षरांना तिने हात लावला नव्हता. आता बोटाचं टोक ती सावकाश एका रेषेवरून पुढे नेत राहिली, वर, मग आडवं, मग खाली.

"नको," ती म्हणाली.

"लांबून काही दिसणार नाही म्हणा."

"लांबून कोण बघतंय."

पाटी बसवून ती परतली त्या संध्याकाळी शेडमध्ये आली. मला एवाल्डने पुन्हा मागच्या भिंतीला लावून ठेवलं होतं. तिने टोपली भरली. जाता जाता दारात थांबून, कुणाकडेही न बघता म्हणाली, "बसली. दाबून बघितली मी. हलत नाही."

तिला एवढंच सांगायचं होतं.

आता माझ्यावर कुणाचं नाव नाही. माझी फाउंड्री नाही. तिथल्या जुन्या माणसांसाठी पाट्या कोण करणार हे मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची काळजी वाटत नाही. काळजी वाटायला जे लागतं ते माझ्यात होतं की नाही, हेच मला आठवत नाही.

एक मात्र मागणं आहे, गुनवोर, तुझ्याकडे. मला जाळ. एप्रिल संपत आला तरी सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फ धरतं. तू एकटी आहेस आणि चवड संपली आहे. मी पाइनचा आहे, आतपर्यंत सुकलेला. लाख लागलेली आहे, चटकन पेट घेईन. तुझी एक सकाळ निघेल. आयुष्यभर मी ऐन वेळी बाजूला काढून ठेवला गेलो. एकदा मला तिथे राहू दे.

आज सकाळी ती आली. जमिनीवरच्या सालीचे तुकडे तिने टोपलीत गोळा केले. मग मला उचललं. दोन्ही हातांत वजन तोलून पाहिलं, उलटं केलं, सुलटं केलं. आणि परत होतो तिथे, भिंतीला टेकून ठेवलं.

स्वयंपाकघराचं दार उघडंच आहे. ती फोनवर बोलते आहे ते इथवर ऐकू येतं.

"एवाल्ड, लाकडं आणून टाक रे. … हो, आजच. … नाही, शेडमध्ये जाळण्यासारखं काही उरलेलं नाही. मी आत्ताच बघून आले."